घर सोडते म्हटल्यावर

२ मार्च

बारके,

दिली. घर सोडायची नोटीस आज सकाळी स्वतःच्या हाताने पालिकेच्या घरखात्यात देऊन आले. आता तरी तुझी पिरपिर बंद होऊ दे. आणि फोन करू नकोस. फोनवर तू ओरडतेस, मी "काय?" म्हणते, मग तू आणखी ओरडतेस आणि समोरच्या घरातल्या नर्सला वाटतं मला कुणी धमक्या देतंय. पत्रच लिही.

खिडकीतल्या माणसाने विचारलं, "का सोडताय?" म्हटलं, "धाकटी बहीण एकटी पडलीय, तिला माझ्याशिवाय करमत नाही." त्याने लिहिलं, 'कौटुंबिक कारण'. आपल्या एवढ्या मोठ्या संसाराचे दोन शब्द!

चार आठवड्यांनी, म्हणजे तीस तारखेला, किल्ल्या द्यायच्या. घर रिकामं हवं, स्वच्छ हवं आणि जसं दिलं होतं तसं हवं. मी म्हटलं, जसं दिलं होतं तसं करायचं तर मला आधी खिडकीची काच फोडावी लागेल. तो हसला नाही.

खरं सांगू का, बाहेर पडल्यावर पायरीवर बसले थोडा वेळ. रुग्णालयाच्या कपडेखोलीत चादरींना टिपा मारत होते तेव्हा हे घर मिळालं. भाड्याचं असलं तरी दारावरची पाटी माझी. बाबांचं घर बाबांच्या नावावर होतं, तुझं घर तुझ्या नवऱ्याच्या. माझ्या नावावर आयुष्यात एवढी एकच गोष्ट झाली. असो. तू एकटी आहेस, तर मला यायलाच हवं.

ताई


५ मार्च

ताई,

"धाकटीला माझ्याशिवाय करमत नाही" हे तू सरकारदरबारी लिहून आलीस? मी कधी म्हटलं असं? मी एवढंच म्हटलं की तुझे गुडघे गेलेत, तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, आणि माझ्याकडे तळमजल्याची खोली उगाच पडून आहे. मला करमायला काय झालं? दिवसभर लाँड्रीत गिऱ्हाईक असतं. मला श्वास घ्यायला फुरसत नाही.

खोलीला फिकट पिवळा रंग दिलाय. तुला आवडतो म्हणून नाही, उरला होता म्हणून. यांची खाट मधल्या खोलीतून हलवून तुझ्या खोलीत टाकली. गादी नवी केली, कारण जुनी अशीही टाकायचीच होती. शिवणयंत्राला खिडकीजवळ जागा ठेवलीय. बाकी पसारा आणू नकोस. विशेषतः ती चिंध्यांची पेटी. एक ना धड, भाराभर चिंध्या!

तीस तारखेला दुपारच्या बसने निघालीस तर संध्याकाळी पोचशील. उगाच घाई करू नकोस. पण उशीरही करू नकोस.

बारकी


९ मार्च

बारके,

पत्रास कारण की, नळ.

तुला माझा स्वयंपाकघरातला नळ माहीत आहे. किती वर्षं गळतोय, विचारू नकोस. घरखात्याच्या दुरुस्ती विभागात मी इतक्या चकरा मारल्या की तिथला शिपाई मला बघून आपोआप "नोंद घेतलीय" म्हणायचा. मी "पेन आहे का?" विचारलं तरी "नोंद घेतलीय". शेवटी नळाखाली पातेलं ठेवलं आणि त्या पाण्यावर कुंडीतली झाडं वाढवली.

आणि नोटीस दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी दारात प्लंबर! तो दुरुस्ती विभागाचा नाहीच मुळी. तो 'रिकामी घरं विभागा'चा. त्यांचं खातं वेगळं, माणसं वेगळी. घरात माणूस राहतंय तोवर नळ हा दुरुस्ती विभागाचा. माणूस जाणार म्हटलं की तोच नळ रिकामेवाल्यांचा. येणाऱ्या नव्या भाडेकरूची गैरसोय व्हायला नको म्हणून! मी म्हटलं, "अहो, मी एवढी वर्षं गैरसोयीत काढली ती?" प्लंबर म्हणाला, "मावशी, तुम्ही राहत होतात ना."

पण हाताचा गुणी आहे हो. नळ बदलला, खालचा पाइप बदलला, न सांगता न्हाणीघराचाही बदलला. दोनदा चहा घेतला, कपबशी विसळून ठेवली. त्याच्या जाण्यानंतर घर इतकं शांत झालं की मला झोप येईना. शेवटी उठून नळ जरासा सोडून ठेवला.

उद्या ओल आलेल्या भिंतीसाठी गवंडी आणि मग रंगारी येणार. प्लंबर म्हणाला, तोही चक्कर टाकेल.

ताई


१२ मार्च

ताई,

पत्र दोनदा वाचलं. त्यात माझी चौकशी शून्य आणि प्लंबर पानभर.

मी तुझी सख्खी बहीण आहे, मला सरळ सांग. माणूस कसा आहे? वय काय? घरी कोण कोण असतं? "हाताचा गुणी", "कपबशी विसळून ठेवली", "झोप येईना"... ताई, तू आयुष्यभर एकटी राहिलीस, नवरा नको म्हणून तीन स्थळांना जिन्यावरून परत पाठवलंस, आणि आता घर सोडायच्या महिन्यात हे? उतारवयात पाय घसरला तर हाडं जुळत नाहीत.

मी विरोध करत नाही. पण तो इथे येऊन राहणार असेल तर आधी सांग. खाट एकाचीच आहे.

बारकी


१६ मार्च

बारके,

तुझ्या डोक्यात लाँड्रीची वाफ गेलीय. प्लंबर माझ्या मुलाच्या वयाचा असता, मला मुलगा असता तर. आणि त्याची बायको रंगारी आहे. दोघं मिळूनच आली होती. दिवसभर भिंतीवरून भांडत होती, ओल आधी की रंग आधी. मला तुझी आणि माझी आठवण झाली.

आता ऐक. भिंत कोरडी झाली. दोन्ही खिडक्या उघडतात. उघडतात म्हणजे बोटाने उघडतात, खांदा लावावा लागत नाही! सुताराने दार रंधून दिलं, ते आता लाथ न मारता बंद होतं. सवयीने मी त्याच दिवशी लाथ मारली आणि थेट जिन्यात जाऊन पडले. लागलं नाही. खालच्या मजल्यावरचा कंडक्टर धावत आला. निवृत्त झालाय, पण अजून "सावकाश, सावकाश, पुढे सरका" असंच बोलतो. मला उठवायचं सोडून तो माझ्या घरात शिरला, नळ सोडून बघितला, बंद करून बघितला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हे कसं काय?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरने घर सोडायची नोटीस दिली. तिसऱ्या दिवशी समोरच्या नर्सने. मग तळमजला, मग दुसरा मजला, मग साऱ्या इमारतीला घर सोडायची घाई झाली. कुणालाही कुठेही जायचं नाही. युक्ती अशी की नोटीस द्यायची, रिकामेवाले येऊन सगळं नीट करून जातात, आणि मुदत संपायच्या आधी नोटीस मागे घ्यायची. माझं अक्षर बरं म्हणून नोटिसा मीच लिहून देतेय. कारणं तरी किती शोधायची! नर्सला 'हवापालट' दिला. कंडक्टरसाठी लिहिलं, 'जन्मभर उभं राहून प्रवास केला, आता बसून कुठेतरी जायचं आहे.' तो वाचून स्वतःच हळवा झाला. म्हणाला, "खरंच जावं का हो कुठेतरी?"

नोटीस मागे घेता येते, हे मलाही नव्हतं हो माहीत. घरखात्याकडून कामं बघायला येणाऱ्या तपासनीस बाईंनी सांगितलं. एकोणतीस तारखेपर्यंत नुसतं दोन ओळी लिहून दिलं की झालं.

ताई


१९ मार्च

ताई,

शेवटच्या चार ओळी तू काय सहज लिहिल्यास! "नोटीस मागे घेता येते हो." म्हणे मलाही नव्हतं माहीत. आता माहीत झालं ना? मग?

मी काही तुझ्यावाचून अडून बसलेली नाही. खोलीला गिऱ्हाईक आहे. एक शिक्षक आहेत, भूगोलाचे. सज्जन, शांत, आपले कपडे आपण घडी करून आणून देतात. परवाच विचारत होते, "ही पिवळी खोली भाड्याने देणार का?" मी म्हटलं, बहीण येणार आहे, पण तिचं काही सांगता येत नाही, तिचा नळ दुरुस्त झालाय.

तेव्हा तू तुझ्या बोटाने उघडणाऱ्या खिडकीत बसून हवा खा. मला काही फरक पडत नाही. फक्त काय ते वेळेवर कळव, म्हणजे मला शिक्षकांना सांगता येईल.

आणि जिन्यात पडलीस ते "लागलं नाही" एवढ्यात उरकलंस. कुठे पडलीस, किती पायऱ्या, गुडघ्यावर का पाठीवर, नीट लिही.

बारकी


२४ मार्च

बारके,

पाठीवर पडले, गुडघे शाबूत आहेत. आता इथला तमाशा ऐक, म्हणजे तुझ्या त्या भूगोलवाल्याचा विसर पडेल.

आमच्या नोटिसा घरखात्यात पोचल्या तेव्हा कुणी एकेक करून बघितल्या नाहीत. साहेबाने एकदम बघितल्या. त्याला दिसलं काय, तर अख्खी इमारत रिकामी होतेय. साहेब खूश! किती वर्षं घरासाठी ताटकळत बसलेली माणसं आहेत, त्या सगळ्यांना त्याने निरोप धाडले, "या, घरं बघून जा."

रविवारी सकाळी ती आली. आजोबा-आजी, लेकरं, फूटपट्ट्या घेऊन. कंडक्टर आंघोळीला बसला होता. दाराला कडी नव्हती, कारण सुताराने जुनी काढली होती आणि नवी बसवायची होती. एका बाईने न्हाणीघराचं दार ढकललं, त्याला बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हे सामान जाणार आहे ना?" कंडक्टर अंगाला साबण तसाच ठेवून ओरडला, "गाडी भरलीय! मागच्या गाडीने या!" नर्स रात्रपाळी करून झोपली होती. तिला जाग आली तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी दोन मुलं बसून आपली खोली कुठली यावर भांडत होती.

आमची माणसं म्हणायला लागली, हे आयत्या बिळावरचे नागोबा कोण? मी म्हटलं, बिळं आपणच रिकामी करून दिलीत! दुपारपर्यंत सगळे माझ्या दारात. "ताई, लिहून द्या. नोटीस मागे." ज्या हाताने गाठ मारली त्याच हाताने उसवत बसले. संध्याकाळी साहेब आला, लालबुंद. प्लंबरला म्हणाला, "जुने नळ परत बसवा." प्लंबर म्हणाला, "साहेब, भंगारात गेले." साहेब जिन्यावर बसला. त्याला मीच पाणी दिलं, नव्या नळाचं.

पण ती आलेली माणसं गेली तेव्हा मला वाईट वाटलं. एक मुलगी होती, पोटुशी. माझ्या घराच्या दारातच उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "तुमच्याकडे ऊन किती येतं!" मी तोंडदेखलं हसले आणि दार लावून घेतलं. दार आता आवाजही करत नाही.

सगळ्यांच्या नोटिसा मागे गेल्या. तपासनीस बाई आहेत ना आमच्या, केसांत दोन पेनं खोचून तिसरं शोधणाऱ्या, त्यांनी मला विचारलं, "आणि तुमची?" मी म्हटलं, बघते.

खरं सांगते बारके, घर इतकं सुंदर कधीच नव्हतं. सकाळी उठून मी नुसती हिंडते. किल्ली माझी, दार माझं, कधीही लावा, कधीही उघडा. उद्या तुझ्याकडे येऊन आपलं पटलं नाही तर मी कुठे जाणार? या वयात घरखातं मला पुन्हा रांगेत उभं करणार नाही. आणि तुझ्याकडे शिक्षक येत असतील, तुझंही बरं चाललेलं असेल, तर मी मध्ये कशाला? त्यांना हो म्हणालीस का? एकोणतीसच्या आत सरळ सांग. तुझ्या उत्तरावर ठरवते.

ताई


२६ मार्च

ताई,

राहा तिथेच. घर छान झालंय, शेजार चांगला आहे, कंडक्टर आहे. मी शिक्षकांना हो म्हटलंय.

एवढं लिहून पाकीट बंद केलं होतं. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. पाकीट फाडलंय, म्हणून हे मळकं दिसतंय.

शिक्षक नाहीत. म्हणजे आहेत, पण त्यांचं स्वतःचं घर आहे, बायको आहे आणि सासूसुद्धा आहे. त्यांनी खोलीबद्दल कधी काही विचारलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, शर्ट कधी मिळेल.

तुझ्या गुडघ्यांचं मी निमित्त केलं. ताकाला जाऊन भांडं लपवत होते. हे गेल्यापासून मी दुकान उशिरा बंद करते. गिऱ्हाईक नसतं तरी. कारण आत गेलं की घर नुसतं बघत बसतं माझ्याकडे. जेवते उभ्यानेच, ओट्याशी. आणि हसू नकोस, मी शर्टांशी बोलते. मागे एकदा इस्त्री करता करता एका निळ्या शर्टाला विचारलं, "जेवलास का?" शर्टाचा मालक काउंटरसमोर उभा होता. म्हणाला, "हो, आत्ताच." आता तो दुसऱ्या लाँड्रीत जातो.

मला एकटीला होत नाही, ताई. मला तू हवी आहेस. माझ्यावर ओरडायला, माझ्या भाजीला नावं ठेवायला. तू घरखात्याला जे लिहिलंस ते खरं आहे, मला तुझ्याशिवाय करमत नाही. पहिल्या पत्रातच मान्य केलं असतं तर दोन पाकिटं वाचली असती.

पण ते घर तुझं आहे आणि तेवढंच तुझं आहे, हे मला कळतं. मागे घ्यायची असेल नोटीस तर घे. मी रागावणार नाही. रागावेन, पण कुणाला सांगणार नाही.

बारकी


३० मार्च

बारके,

दिल्या किल्ल्या.

तुझं पत्र अठ्ठावीसला मिळालं. नोटीस मागे घ्यायच्या दोन ओळी मी लिहूनही ठेवल्या होत्या, सुरेख अक्षरात. त्या फाडल्या आणि सामान बांधायला घेतलं.

आज तपासनीस बाई आल्या. नळ सोडले, बंद केले. भिंतीला हात लावला. खिडक्या उघडल्या. कशात काही खोट निघेना. मी मागे मागे फिरत होते, "ते बघा, तिथे बघा, तिथे काहीतरी असेल." त्या म्हणाल्या, "ताई, सगळं उत्तम आहे." म्हटलं, नीट बघा! मग मला रडूच आलं. मी रिकाम्या घरात उभी राहून मोठ्याने रडले, बारके. बाईंनी डोक्यातलं एक पेन काढून उगाच माझ्या हातात दिलं. काय करावं ते त्यांना सुचलं नाही, आणि मीही ते घेतलं. सही केली. माझं घर त्या पोटुशी मुलीला मिळालंय. ते मी विचारूनच घेतलं.

आता एक सांगायचंय. माझे गुडघे ठणठणीत आहेत. मला बोलवायला तुला निमित्त हवं होतं, म्हणून मी दोन वर्षं ते दुखवून घेत होते. तुझ्या पत्राची वाट बघत होते. एकटीला होत नाही, हे तुझं तू म्हणावंस असं वाटत होतं. म्हणालीस. बस झालं.

पण माझ्या काही अटी आहेत. आश्रित म्हणून मी येणार नाही. भाडेकरू म्हणून येईन. खोलीची वेगळी किल्ली हवी. मी दार लावलं तर ठोठावल्याशिवाय आत यायचं नाही. चिंध्यांची पेटी सोबत येईल. आणि पटलं नाही तर दोन्ही बाजूंनी चार आठवड्यांची नोटीस देऊन मोकळं होता येईल. हे सगळं मला लेखी हवं. हसू नकोस. एवढी वर्षं मी कुणाच्या घरात राहिलेली नाही, मला भीती वाटते.

तोवर समोरच्या नर्सकडे पथारी टाकलीय. उत्तर तिच्या पत्त्यावर पाठव. ते हातात पडल्यावर निघते.

ताई


२ एप्रिल

अर्जदार बाईंस,

आपला तीस तारखेचा अर्ज मिळाला. त्यावर मालकिणीचा निर्णय खालीलप्रमाणे.

वेगळी किल्ली मंजूर. करून आणलीय, तुझ्या उशीखाली आहे.

दार ठोठावणे मंजूर. मात्र ठोठावल्यावर "कोण आहे?" विचारायचं नाही. घरात दुसरं कोण असणार!

चिंध्यांची पेटी मंजूर, नाइलाजाने.

भाडेकरू म्हणून राहणे मंजूर. भाडं म्हणून रोज रात्री माझ्याबरोबर बसून जेवायचं. त्यात सवलत मिळणार नाही.

चार आठवड्यांची नोटीस नामंजूर. दोन्ही बाजूंनी नामंजूर. चार आठवडे नाही, चार वर्षं नाही, काहीच नाही. ताई, यांनी मला एका दिवसाचीसुद्धा नोटीस दिली नव्हती. सकाळी चहा पिऊन दुकानात गेले आणि संपलं. तेव्हापासून या घरातून न सांगता जायला बंदी आहे, आणि सांगून जायलाही.

अर्ज करून उपयोग नाही. नोंद घेतली जाणार नाही.

बारकी